उचलून नेऊ ना जी!

क्रिकेटच्या मॅचचं तिकीट मिळणं कठीण, असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. तिकीट मिळतं, माहिती मिळत नाही. आणि मला माहिती तरी किती हवी असते? कोणत्या गेटने जायचं, त्या गेटला पायऱ्या आहेत का, बसल्यावर मैदान दिसतं का आणि संडास कुठे आहे. झालं. चंद्रावर पाणी आहे हे आपल्या देशाने शोधून काढलं; पण स्टेडियमच्या ई ब्लॉकमध्ये चाकाची खुर्ची आत जाईल एवढ्या दाराचा संडास आहे का, याचा शोध अजून चालू आहे.

मी राहतो सूरजागडच्या डोंगराकडे, गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात. झेरॉक्सचं दुकान चालवतो. म्हणजे अख्ख्या परिसराचे अर्ज, दाखले आणि तक्रारी माझ्या नजरेखालून जातात; पैकी निम्म्या माझ्याच असतात. लहानपणी पोलिओने एक पाय पूर्ण नेला आणि दुसरा अर्धा ठेवला. घर-अंगणापुरती कुबडी, त्यापुढे चाकाची खुर्ची. सरकारी कार्डावर माझं अपंगत्व सत्तर टक्के लिहिलेलं आहे. बऱ्याचशा सवलतींना किमान चाळीस टक्के लागतात. आमच्या शेजारचे मास्तर आयुष्यभर पेपर तपासून निवृत्त झाले. कार्ड हातात घेऊन म्हणाले, "सत्तर? फर्स्ट क्लास की रे! पाच टक्क्यांसाठी डिस्टिंक्शन हुकलं." शाळेत मला इतके टक्के कधीच मिळाले नव्हते, त्यामुळे आईने शेजारी पेढे वाटले नाहीत एवढंच.

तर मॅच. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर मॅच होती. शहराचं नाव सांगत नाही. एकाचं नाव घेतलं, तर बाकीची स्टेडियमं म्हणतील, आमच्यात काय कमी होतं? तिकिटावर एक फोन नंबर होता. मी लावला.

"नमस्कार. मी व्हीलचेअरवर असतो. मॅच बघायला यायचं आहे."

"या ना सर!"

"तुमच्याकडे रॅम्प आहे का?"

"रॅम्पचा कार्यक्रम आपल्याकडे नसतो सर. फॅशन शो हॉटेलात असतात."

मी त्याला उतार, पायऱ्या, चाकं असं समजावून सांगितलं. त्याने मला सुरक्षा विभागाकडे जोडून दिलं. सुरक्षेने विचारलं, "खुर्चीत बॅटरी आहे का? पॉवर बँक चालत नाही." मी म्हटलं, खुर्ची हाताने चालते. त्यांनी मला पार्किंगकडे दिलं. पार्किंगवाल्याने विचारलं, "दुचाकी की चारचाकी?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "चारचाकी. दोन मोठी, दोन लहान." त्याने शंभर रुपये सांगितले. शेवटी फोन कसा कोण जाणे कँटीनला लागला, आणि मला या देशातला पहिला जाणकार माणूस भेटला.

"दादा, ई ब्लॉकला पायऱ्या बावीस आहेत. मधी एक वळण. वळणावर नळ गळते, तिथं घसरते. मी रोज सिलिंडर चढवतो ना."

इंजिनिअर, मॅनेजर, हेल्पलाइन कुणाला जे सांगता आलं नाही, ते त्याला तोंडपाठ होतं. इमारतीला पायऱ्या किती, हे चढणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. ओझं वाहणाऱ्याला असतं. मी भारावून विचारलं, "मग मी येऊ कसा?"

तो म्हणाला, "या तर खरं! सिलिंडर जाते, तर तुम्ही नाही जाणार? उचलून नेऊ ना जी!"

"जी" ऐकलं आणि कळलं, हा गडी आमच्या बाजूचा आहे. पण "उचलून नेऊ" हे मात्र नुसतं आमच्या बाजूचं नाही. ते अखिल भारतीय आहे. बँकेत उचलून नेऊ, तहसीलमध्ये उचलून नेऊ, लग्नाच्या हॉलात उचलून नेऊ. निवडणुकीच्या दिवशी तर तीन पक्षांचे लोक मला उचलायला येतात आणि कुणी उचलायचं यावरून त्यांच्यात बाचाबाची होते. आपल्याकडे उताराचं बजेट नसतं, पण चार पोरं सदैव उपलब्ध असतात.

उचलून घेतलं जाणं म्हणजे काय, हे ज्यांना कधी कुणी उचललं नाही त्यांना सांगतो. उचलणारे चार असतील, तर मतं पाच असतात. पाचवं मत एका वयस्क गृहस्थाचं असतं. ते हात लावत नाहीत, फक्त "हळू, हळू, डावीकडून घ्या" म्हणतात. आणि नंतर चहा पिताना "आम्ही यांना वर आणलं" असं सांगतात. चौघांपैकी एकजण हमखास चाक धरतो. चाक फिरतं, कारण ते त्यासाठीच असतं. दुसरा हाताचा टेकू धरतो. तो टेकू निघतो, कारण तोही त्यासाठीच असतो. तिसऱ्याचा फोन वाजतो. चौथा मनापासून उचलतो, त्यामुळे मी चौथ्याच्या विरुद्ध दिशेला कलंडतो. अशा वेळी सोफ्याला काय वाटत असेल, ते मला कळतं. फरक इतकाच की वर पोचल्यावर सोफ्याला कुणी "कसं वाटतंय?" असं विचारत नाही.

असो. मॅचला जायचं ठरलं म्हटल्यावर माहिती द्यायला माझ्या दुकानासमोर सभा भरली. आमच्याकडून जवळात जवळ आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान म्हणजे नागपूरचं जामठा. म्हणजे एटापल्ली, आलापल्ली, आष्टी, तिथून चंद्रपूर, वरोरा, जाम, बुटीबोरी, मग जामठा. सगळं मिळून तीनशे किलोमीटरांच्या घरात. गंमत अशी, की मॅचच्या दिवशी पेपरात येणारी सगळी प्रवासाची माहिती नागपूरकरांसाठी असते: मेट्रोने खापरीपर्यंत जा, तिथून पुढे असे जा, गाडी इथे लावा. चंद्रपूरच्या रस्त्याने येणाऱ्याला आधी स्टेडियम लागतं आणि मग नागपूर. वर्धा रोडला स्टेडियम बांधताना आमच्या सोयीचा विचार केला होता, असं मास्तर छातीठोकपणे सांगतात. २००८ साली तिथे पहिली कसोटी झाली, तीच सौरव गांगुलीची शेवटची कसोटी. "मैदान गावाबाहेर नेल्यावर माणूस निवृत्ती घेणार नाही तर काय?" असंही मास्तर म्हणतात. गांगुलीने निवृत्ती आधीच जाहीर केली होती, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

किराणावाल्याचं मत वेगळं होतं. "एवढ्या लांब जायचं कायले? २०२२ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाची टी-ट्वेंटी होती ना, मैदान ओलं म्हणून आठ-आठ ओव्हरची झाली. जाऊन-येऊन दोन दिवस आणि मॅच आठ ओव्हर!" त्यावर ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "आणि २०२३ ची कसोटी? पाच दिवसांची होती, तिसऱ्याच दिवशी संपली. आमचा साळा चौथ्या दिवशी पोचला." साळा खरोखर गेला होता की नाही कोण जाणे, पण कसोटी खरंच तिसऱ्या दिवशी संपली होती.

प्रत्येकाने रस्ता सांगितला. चारजणांनी पाच रस्ते सांगितले. पायरी किती उंच, गाडीत खुर्ची कुठे ठेवायची, वाटेत लघवीला कुठे थांबायचं, हे विचारलं की मात्र सभेचा एकमुखी ठराव: "होऊन जाते ना जी!"

वास्तविक उतार हा विषय आमच्या भागाला नवा नाही. सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं. २०२३ साली वर्षाला एक कोटी टन काढायची परवानगी मिळाली. एवढा माल खाली आणायचा तर डंपरला डोंगर चढता-उतरता यायला हवा. खाणीत डंपरच्या रस्त्याला साधारण सोळास एक असा चढ ठेवतात. म्हणजे सोळा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चाकाच्या खुर्चीच्या रॅम्पला नियमाने बारास एक चढ चालतो. म्हणजे कागदावरसुद्धा डंपरचा रस्ता माझ्या रॅम्पपेक्षा सौम्य! बरोबरच आहे. डंपर बंद पडला तर लाखोंचं नुकसान होतं. मी बंद पडलो तर फार तर मॅचचा पहिला डाव हुकतो. शिवाय डंपरला कुणी "उचलून नेऊ ना जी" म्हणत नाही, म्हणून त्याला रस्ता करून द्यावा लागतो. मला वाटतं, आम्हा लोकांचं वजनच कमी पडतं.

आणि प्रत्यक्षातले रॅम्प बारास एक असतात, असं समजू नका. मी पाहिलेले बरेचसे चारास एक या वर्गातले आहेत. बांधणाऱ्याकडे पायऱ्यांच्या शेजारी जेवढी जागा उरते, तेवढ्यात तो उतार बसवतो. त्यावरून वर ढकलणाऱ्याच्या छातीची तपासणी होते आणि खाली येताना बसणाऱ्याच्या. काही रॅम्पवर गुळगुळीत चकचकीत फरशी असते, कारण उद्घाटनाच्या फोटोत ती शोभते. आणि एक रॅम्प मी असा पाहिला आहे, की तो जिथे संपतो तिथे एक पायरी आहे. बहुधा आठवण म्हणून ठेवली असावी.

तर भाच्याला सोबत घेऊन निघालो. बस म्हटली की आमच्या तालुक्यात कुणी तक्रार करत नाही, कारण बस येते हीच बातमी असते. आमच्याच तालुक्यातल्या गर्देवाड्याला १ जानेवारी २०२५ ला एसटी गेली, तेव्हा मुख्यमंत्री स्वतः तीत बसले होते. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी बस पोचली. या हिशेबाने बसची पायरी खाली यायला अजून थोडा धीर धरायला हवा. पुढच्या टप्प्यासाठी एका खाजगी ट्रॅव्हल्सला फोन केला. खुर्ची, कुबडी, पोलिओ, सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडच्या माणसाने अत्यंत सहानुभूतीने ऐकलं आणि म्हणाला, "समजलं सर. खालचे सगळे भरले. तुम्हाला वरचा स्लीपर देतो, तिथं कुणी त्रास नाही देणार."

म्हणून बल्लारशाहून रेल्वे. रेल्वेत आम्हा मंडळींसाठी वेगळा डबा असतो. तो पुढे असतो किंवा मागे असतो. म्हणजे आपण पुढे उभं राहिलो की मागे असतो. भाच्याने मला फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असं काही पळवलं, की लोक वाट सोडून टाळ्या वाजवायला लागले. डब्यात शिरलो तर बसायला जागा नाही. वीस-पंचवीस धडधाकट माणसं निवांत पत्ते खेळत होती. एकाने मला दयेने विचारलं, "तुम्ही इथं कसे?" पुढच्या स्टेशनात टीसी चढला आणि चमत्कार झाला. अर्धा डबा लंगडायला लागला. एकाने तर माझ्याच कुबडीकडे हात केला. "दोन मिनिटं देता का, दादा?" मी दिली. शेवटी आपणच आपल्या माणसांना मदत करायची नाही, तर कुणी करायची?

शहरात उतरून रिक्षा ठरवली. रिक्षावाला म्हणाला, "तुमचे दोनशे, खुर्चीचे शंभर." भाचा म्हणाला, "खुर्चीला निदान हाफ तिकीट तरी घ्या." स्टेडियमशी दिव्यांगांसाठी राखीव पार्किंगचा निळा फलक होता. त्याखाली एक पांढरी मोठी जीप उभी होती. ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेबांचा गुडघा दुखतो."

गेट क्रमांक चारवर सांगितलं, तुमचं नऊ. नऊवर सांगितलं, नऊ खेळाडूंचं, तुमचं दोन. दोनवर मोठं कुलूप होतं आणि त्याची किल्ली चारवर. स्टेडियम गोल बांधण्यामागचं शास्त्र मला त्या दिवशी उमगलं: माणूस कुठेही गेला तरी पोचत नाही आणि तक्रार करायला थांबायला कोपराही मिळत नाही. त्या संध्याकाळी आमच्या सलामीच्या जोडीने मैदानात जेवढी पळापळ केली नसेल, तेवढी भाच्याने बाहेर केली, तीही माझ्यासकट.

अखेर एका गेटवर तपासणी झाली. पाण्याची बाटली काढून घेतली, नाणी काढून घेतली. मग तपासणाऱ्याची नजर कुबडीवर गेली.

"ही काठी आत चालणार नाही."

"ती चालली नाही, तर मीही चालणार नाही."

त्याने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी नियमांचा कागद काढला. त्यात झेंड्याची काठी, छत्री, सेल्फी स्टिक सगळं होतं, कुबडी नव्हती. नियमात नाही म्हणजे मनाई आहे की परवानगी, यावर तिथे जी चर्चा झाली, तिने घटनापीठसुद्धा थक्क झालं असतं. तोवर आतून पहिला मोठा जल्लोष ऐकू आला. कोण बाद झालं, ते मला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं.

पुढच्या बावीस पायऱ्यांचं वर्णन करत नाही. सिलिंडरवाला मित्र आपला शब्द पाळायला हजर होता, आणि उचलणाऱ्या सगळ्यांत एकट्यालाच खुर्ची कुठे धरायची ते बरोबर ठाऊक होतं.

जागा मात्र छान मिळाली. समोर हिरवंगार मैदान, दिवे, खेळाडू. मैदान मला व्यवस्थित दिसत होतं, जोपर्यंत काही घडत नव्हतं तोपर्यंत. काही घडलं की माझ्या पुढची रांग उभी राहायची. चौकार गेला की पाठी, षटकार गेला की पाठी, रनआउटचं अपील झालं की पाठी आणि वर झेंडे. त्यामुळे मी त्या सामन्यातले सगळे निर्धाव चेंडू पाहिले. एवढा शांत सामना माझ्याइतका कुणीच पाहिला नसेल. हळूहळू मी पाठींवरून खेळ ओळखायला शिकलो. हात वर आणि खांदे मागे असतील तर षटकार. दोन्ही हात डोक्यावर असतील तर झेल सुटला. सगळे एकदम खाली बसले तर आपली विकेट. पुढच्या निळ्या शर्टवाल्याची पाठ विशेष बोलकी होती. तिच्यावर मी समालोचन करू शकतो.

मध्यंतरात एका मावशींनी माझ्या हातात दहाची नोट ठेवली आणि नमस्कार केला. "मावशी, मी मॅच बघायला आलोय," असं मी म्हणेपर्यंत त्या पुढच्या रांगेत पोचल्या होत्या. नोट परत द्यायला भाचा धावला, तर त्याच्याही हातावर एक पडली. मग एक उत्साही तरुण सेल्फीसाठी आला. "सर, तुम्ही प्रेरणा आहात!" मी विचारलं, "कशाबद्दल?" तो अडखळला. "म्हणजे... आलात ना." चाळीस हजार माणसं आली होती. प्रेरणा मात्र मी एकटाच.

आता संडास. तो होता, हे मान्य केलं पाहिजे. दारावर खुर्चीचं चित्र होतं, दार रुंद होतं, आत आधाराचा दांडासुद्धा असावा. असावा म्हणतो, कारण दांडा काय, भिंतही दिसत नव्हती. थंड पेयांचे खोके छतापर्यंत रचले होते. देखरेखवाला म्हणाला, "सर, इथं कुणी येतच नाही, म्हणून ठेवले." मी म्हटलं, "खोके आहेत म्हणून कुणी येत नसेल." तो विचारात पडला. मग म्हणाला, "हेही आहेच म्हणा. कोल्ड्रिंक देऊ का?" त्या परिस्थितीत मला नको असलेली ती एकमेव गोष्ट होती.

एवढं सगळं पाहून कुणाला वाटेल, की आपल्याकडे याबद्दल कायदा नसेल. छे! कायदा उत्तम आहे. ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं. २०१६ साली दिव्यांग हक्कांचा नवा कायदा आला, अपंगत्वाचे आधीचे सात प्रकार वाढून एकवीस झाले. जून २०१७ मध्ये नियम आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करा असं ठरलं. म्हणजे मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगमतेची मानकं सक्तीची असायला हवीत, नुसत्या शिफारशी असून चालणार नाही. हे सगळं मला पाठ आहे, कारण त्याच्या झेरॉक्स मीच काढून विकतो. दोन रुपये पान. कायद्याच्या प्रती आमच्या तालुक्यात मुबलक आहेत. कायदा स्वतःही बहुधा निघाला आहे. कुठल्या तरी गेटवर त्याला "तुमचं नऊ नंबर" म्हणून पाठवलेलं असणार.

बरं, आपण दिव्यांगांचं कौतुक करत नाही असंही नाही. आपल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण जिंकलं, ते भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. २०२४ ला पॅरिसहून आपले खेळाडू २९ पदकं घेऊन आले, त्यात सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारींचं गोळाफेकीतलं रौप्य होतं. देशभर हार, ढोल, फटाके. खेळणाऱ्या दिव्यांगाला आपण विमानतळापासून मिरवत आणतो. बघायला आलेल्या दिव्यांगाला गेटचा नंबर सांगत नाही. मॅच बघायची असेल तर आधी पदक जिंका, असा हा सरळ मार्ग आहे.

एका रात्री रेंज चांगली होती, म्हणून इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांची माहिती वाचत बसलो. तिथल्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१५ साली शब्द दिला, की २०१७ च्या ऑगस्टपर्यंत आम्ही मैदानं नियमाप्रमाणे सुगम करू. सगळ्यांनी तो वेळेत पाळला असं नाही. तिकडेही माणसंच राहतात. पण माहिती! खुर्चीच्या जागा कोणत्या बाजूला, सोबतच्या माणसाचं तिकीट कसं काढायचं, गेट कोणतं, लिफ्ट कुठे, पुढचे उभे राहिले तरी दिसेल अशा जागा किती, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला कानात समालोचन कसं मिळेल. एका ठिकाणी तर मार्गदर्शक कुत्र्याला पाणी कुठे मिळेल आणि त्याने शूशू कुठे करायची, हेही लिहिलेलं होतं. मी भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, म्हणजे तिथल्या कुत्र्याला जे ठाऊक असते, ते आपल्याले ठाऊक नसते." पोरगा हुशार आहे. फक्त कुठे काय बोलावं ते कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, तो इंग्लंड, ही गडचिरोली. पण साहेब, आमच्याकडचं मैदान बघा. आमच्या जिल्ह्यात कबड्डीचं वेड आहे. गावोगाव खुले सामने होतात, आणि पोलीस दल भरवतं त्या स्पर्धेच्या चषकाला १८५७ च्या उठावातल्या वीर बाबुराव शेडमाक्यांचं नाव आहे. गावच्या सामन्याला स्टँड नसतो, म्हणून पायऱ्या नसतात. तिकीट नसतं, म्हणून गेट नसतं. सगळं गाव जमिनीवर बसतं, त्यामुळे खुर्चीवर बसलेला मी अख्ख्या गर्दीत सगळ्यात उंच! माझी जागा ठरलेली: मधल्या रेषेच्या टोकाला, पंचाच्या बाजूला. इथे मला सगळं दिसतं. जरा जास्तच दिसतं. चढाई करणारा एकदा थेट माझ्या मांडीवर येऊन पडला. दोन्ही संघ माझ्याभोवती जमले. "भाऊ, टच झाला का?" मी म्हटलं, "मला झाला!" तेव्हापासून वादाचा निर्णय माझ्याकडे येतो, आणि हरलेला संघ रात्री माझी खुर्ची ढकलत नाही.

अर्थात इथेही सगळं सोयीचं आहे असं नव्हे. पाऊस पडला की चाकं चिखलात रुततात. संडास कुणालाच नसतो. त्या बाबतीत मात्र संपूर्ण समानता आहे. आणि गावापासून ते मोठ्या शहरापर्यंत एक गोष्ट सारखीच: माणसं चांगली आहेत. सिलिंडरवाला चांगला होता, मावशी चांगल्या होत्या, खोकेवालाही चांगलाच होता. या चांगुलपणावरच तर सगळा घोटाळा झाला आहे. ज्या देशात कुणीही केव्हाही उचलायला तयार असतं, तिथे उतार बांधायचं कुणाच्या मनात येईल? आणि उचलणारी पोरं तयार असताना "गेट क्रमांक दोन, पायऱ्या नाहीत" एवढं लिहायला कुणाला वेळ मिळेल?

म्हणून स्टेडियमवाल्या साहेबांना माझी एक साधी मागणी आहे. कोट्यवधींचे दिवे लावा, धावफलक आणखी मोठा करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त तिकिटाच्या मागे, जिथे "आयोजक जबाबदार नाहीत" असं बारा ओळींत छापता, तिथे चार ओळी आणखी छापा: गेट कोणतं, पायऱ्या किती, खुर्चीची जागा कुठे, संडास कुठे. आणि फोन उचलायला एक माणूस ठेवा. माणूस सापडत नसेल, तर कँटीनमधल्या सिलिंडरवाल्याला बढती द्या. त्याला सगळं माहीत आहे.

प्रेक्षक बंधू-भगिनींना तर मी काही मागतच नाही. चौकार गेला की उभे राहा, नाचा, शिट्ट्या मारा. त्यासाठीच तर पैसे भरलेत. फक्त उभं राहण्याआधी एकदा मागे वळून बघा. मागे मी असेन, तर काय झालं ते ओरडून सांगा. आणि उचलायला मात्र येऊ नका.